बार कोणाचा?

मुळशी पेट्यांत डुकराच्या शिकारीची गोष्ट निघाली म्हणजे ती फिरून फिरून एकाच प्रश्नाशीं येऊन थांबत असे : बार कोणाचा? डुक्कर केवढें होतें, तें कोणत्या घळींतून निघालें, कुत्र्यांनीं त्याला कोठें गांठलें, हें सर्व सांगून होई. पण ऐकणाऱ्यांचें समाधान या एका प्रश्नाचा निकाल लागल्यावांचून होत नसे. वाटे त्यावरून ठरत, आणि वाट्याहूनही मोठें असें जें नांव, तेंही त्यावरूनच ठरे.

हा तंटा आपल्याकडे पुरातन आहे. इंद्रकील पर्वतावर तप करीत बसलेल्या अर्जुनावर मूक नांवाचा दैत्य डुकराचें रूप घेऊन धांवून आला. अर्जुनानें बाण सोडला, त्याच क्षणीं किराताच्या वेषांत आलेल्या शंकरानेंही सोडला, आणि मेलेल्या डुकरावरून दोघांची जुंपली. महाभारताच्या वनपर्वांतील या कथेवर भारवीनें सबंध महाकाव्य उभारलें आहे. प्रत्यक्ष महादेवास जो वाद टाळतां आला नाहीं, त्यांत मावळांतले शेतकरी आणि पुण्याचे हौशी बंदूकवाले सांपडले तर नवल तें काय? आम्हीं मात्र या वादाची दुसरी बाजू पाहिली आहे, आणि तिच्यावर कोणीं काव्य लिहिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. ज्याचा बार आपला असें म्हणावयास कोणीही तयार नव्हतें, अशा एका डुकराची ही हकीकत आहे.

प्रथम तेथील रान आणि तेथील शेती यांविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. त्यावांचून डुकराचा आणि माणसाचा तेथें कसला तंटा आहे हें शहरांतल्या वाचकांच्या ध्यानांत यावयाचें नाहीं. पौडाच्या पुढें रस्ता मुळा नदीच्या खोऱ्यानें पश्चिमेस जातो आणि मुळशीच्या धरणाशीं येतो. हें धरण टाटांनीं विजेसाठीं बांधलें. त्यांतलें पाणी घाटाखालीं कोंकणांत भिऱ्याच्या वीजघरास जातें. तें होऊं नये म्हणून १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला, सेनापति बापटांनीं त्यापायीं तुरुंगवास पत्करला, तरी धरण व्हावयाचें तें झालेंच. नदीकांठचीं सपाट, काळ्या मातीचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं, आणि जीं माणसें मुलूख सोडून गेलीं नाहींत तीं डोंगराच्या उतारावर चढलीं. खालीं पाणी आणि वर रान, यांच्या मधल्या पट्ट्यांत त्यांनीं नवीं खाचरें पाडलीं, त्याच्या वर नाचणी आणि वरी पेरली. आणि नाचणीचा शेवटचा दांडा जेथें संपतो तेथें कारवी सुरू होते. शेताचा बांध आणि डुकराचें घर यांत एका आरोळीचें अंतर राहिलें. डुक्कर माणसाच्या शेतांत आलें असें आपण म्हणतों. तेथल्या पुरतें बोलावयाचें तर माणूसच डुकराच्या शेजारीं राहावयास गेला, आणि तोही आपखुषीनें गेला नाहीं.

रानडुक्कर दिसण्यांत ओबडधोबड असलें तरी बुद्धीनें मंद नाहीं. त्याची दृष्टि अधू, पण कान तिखट, आणि नाक तर असें कीं आपल्या पाठीवरून वाऱ्याची झुळूक त्याच्याकडे गेली म्हणजे शिकाऱ्यानें उठून घरीं जावें हेंच बरें. दिवसा तें कारवीच्या दाट जाळींत पडून राहतें, तिन्हीसांजेस उठतें आणि रात्रीं शेतांत उतरतें. ज्याच्या वासानें मुळशीचें नांव घरोघर झालें तो आंबेमोहोर निसवून दाणा दुधावर आला, कीं त्याला आवरणें कठीण. जितकें खातें त्याहून अधिक तें तुडवितें आणि लोळवितें. दहापंधरा डुकरांचा कळप एका रात्रींत खाचराचें खळें करून जातो. डुकरीण चार महिन्यांनीं विते आणि एका वेतास चारसहा पट्टेदार पिलें होतात. बिबळ्यानें कितीही उचललीं तरी कळप तुटत नाहीं. थोराड झालेला नर कळप सोडून एकांडा फिरतो. त्याच्या खांद्यावर कातडीखालीं जाड ढाल बनते. ती दुसऱ्या नराच्या सुळ्यांसाठीं असली तरी हलक्या छर्ऱ्यांसही दाद देत नाहीं. सुळा तो खालून वर असा चालवितो, आणि माणसाच्या मांडीची शीर नेमकी त्या वाटेंत येते. ‘मुसंडी मारणें’ हा शब्दप्रयोग आपण निवडणुकींच्या बातम्यांत रोज वाचतों. ज्यानें खरी मुसंडी पाहिली आहे त्याच्या तोंडीं तो इतक्या सहजपणें येत नाहीं.

अशा जनावरापासून पीक राखावयाचें म्हणजे चार खांबांवर माळा घालून, घोंगडी पांघरून, दीडदोन महिने रात्रीमागून रात्र जागून काढावयाची. मधून मधून डबा बडवावयाचा, आरोळी द्यावयाची, गोफण फिरवावयाची, आणि पहाटें डोळा लागला कीं तेवढ्यांत डुकरें येऊन गेलेलीं पाहावयाचीं. मावळांत या कामास शिकार म्हणत नाहींत, राखण म्हणतात. शिकार हा आमच्यासारख्यांचा शब्द.

त्या शब्दाचा तोरा किती असूं शकतो हें पाहावयाचें असल्यास इंग्रज अधिकाऱ्यांकडे पाहावें. घोड्यावर बसून भाल्यानें डुक्कर मारण्याचा त्यांनीं एक खेळच केला होता. बेडन-पॉवेल यांनीं १८८९ मध्यें त्यावर पुस्तक लिहिलें. मीरतेस त्याच्या चढाओढीचा चषक असे. या मंडळींत डुकरास गोळी घालणें हें केवळ गैर नव्हे, तर कुळास बट्टा लावणारें कृत्य समजलें जाई. ज्यांचें भात डुकरें खात नव्हतीं त्यांना हा आचारधर्म पाळणें सोपें होतें. आपले राजेही या बाबतींत मागें नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत मृगयेचेंही प्रकरण आहे आणि डुकराचें मांस भाजून कसें सिद्ध करावें याचाही पाठ आहे. त्या राजवंशाच्या मुद्रेवर वराह होता, ही गोष्ट स्वयंपाकाच्या आड आलेली दिसत नाहीं. असो. मुळशीच्या उतारांवर घोडा चालत नाहीं. तेथें जें काय करावयाचें तें पायीं, आणि बंदुकीनें.

परंतु बंदूक आणि रायफल या दोन वस्तु एक नव्हेत, आणि आमच्या हातून जें घडलें त्याचें मूळ हा भेद न ओळखण्यांत होतें. बारा बोअरच्या दुनळींत मोठे छर्रे घालून चाळीस पावलांच्या आंत पळतें डुक्कर मारतां येतें. त्यापुढें छर्रे निकामी होतात, आणि म्हणूनच हांक्यांत ती बंदूक बरी. रायफलीची गोळी मैलाच्या पलीकडे जाऊं शकते. समोरून हांकारे ओरडत येत आहेत, मध्यें जाळी आहे, अशा ठिकाणीं ती उडविणें म्हणजे कोणाच्या तरी नशिबावर भार टाकणें होय. रायफलीचें काम निराळें. एकट्यानें वारा पाहून बसावें, पाठीमागें डोंगराचा उतार असावा, जनावर उभें असावें, आडवें असावें, आणि पुढच्या पायाच्या मागें, खालच्या तिसऱ्या हिश्शांत, जेथें काळीज असतें तेथें नेम धरावा. एवढें जमत नसेल तर घोड्यावरचें बोट काढून घ्यावें. आज हें आम्ही पाठ म्हटल्यासारखें सांगतों. तेव्हां हें कोणी सांगितलें असतें तरी आम्हीं ऐकलें नसतें.

साल १९६९, महिना कार्तिक. वन्य जीवांचा कायदा अजून तीन वर्षें दूर होता. चुलत्यांच्या पश्चात् त्यांची रायफल नुकतीच आमच्या परवान्यावर चढली होती : तीनशें पंधरा बोअरची, इशापूरच्या सरकारी कारखान्यांत घडलेली. तिचा दस्ता दर रविवारीं तेलानें पुसण्यांत आमचें जें तारुण्य खर्च झालें त्याचा हिशेब न केलेला बरा. तलावाच्या कांठीं, ताम्हिणीच्या अलीकडे, एका वाडींत आमच्या परिचयाचे एक वृद्ध शेतकरी असत. त्यांना सारी वाडी आबा म्हणे, म्हणून आम्हीही म्हणत असूं. पीकराखणीच्या परवान्यावर त्यांच्याजवळ एक ठासणीची बंदूक होती. हळवें भात कापून झालें होतें, गरवें उभें होतें, आणि डुकरांनीं उच्छाद मांडला होता. आबांचा निरोप आला तसे आम्ही आणि दुनळीवाले दोन मित्र शनिवारच्या एस. टी. नें गेलों.

रविवारीं पहिल्या हांक्यांत एक मध्यम नर पडला. दोघां मित्रांचे बार लागोपाठ झाले होते, तेव्हां किरातार्जुनांचा प्रसंग यथासांग पार पडला. डुक्कर सोलून छर्रे मोजण्यापर्यंत पाळी आली. शेवटीं ज्या म्हाताऱ्या कातकऱ्यानें माग काढला होता त्यानें हंसत निकाल दिला आणि वाटे पडले : हांकाऱ्यांस वाटा, बंदुकांस वाटा, कुत्र्यांसही वाटा. आमची रायफल दिवसभर मुकी राहिली होती. दुसरा हांका घालावा असा हट्ट आम्हींच धरला. आबा म्हणाले, “दिवस कललाय, बाळासाहेब. आतां रान उठवूं नये.” त्यांचें आम्हीं ऐकलें नाहीं, आणि पाहुण्याचा शब्द मोडावयाचा नाहीं म्हणून त्यांनीं माणसें पुन्हा चढविलीं.

सूर्य डोंगराआड गेल्यावर तो एकांडा निघाला. हांकाऱ्यांच्या पुढें नव्हे, तर बाजूच्या ओहोळांतून, आमच्यापासून सत्तर ऐंशीं पावलांवर, तिरपा, पाठ देऊन जाणारा. मागें उतार होता एवढी एकच गोष्ट त्या वेळीं आमच्या बाजूस होती. आम्हीं बार टाकला. त्याच वेळीं डाव्या अंगास एका मित्राचाही बार झाला. डुक्कर मागच्या अंगानें खालीं बसल्यासारखें झालें, उठलें, आणि कारवींत शिरलें. तेथें जाऊन पाहिलें तों पानांवर रक्ताचे थेंब होते : काळपट, आणि त्यांत हिरवट घाण. म्हाताऱ्या कातकऱ्यानें एक पान तोडून हुंगलें आणि म्हटलें, “पोटांत लागलंय. मरंल, पर लवकर न्हाय.”

फुफ्फुसाचें रक्त फेसाळ आणि तांबडें असतें. तें दिसलें तर जनावर जवळच पडलेलें मिळतें. पोटांतल्या गोळीनें डुक्कर दोन दोन दिवस जगतें, आणि त्या दोन दिवसांत त्याच्याइतकें भयंकर दुसरें जनावर मावळांत नाहीं.

मग जें झालें तें विलक्षण होतें. सकाळीं एका छर्ऱ्यासाठीं भांडणारा आमचा मित्र म्हणाला कीं त्याचा बार खात्रीनें हुकला. आबा आमच्याकडे पाहूं लागले. आम्हांस ठाऊक होतें. घोडा ओढतांना माशी त्याच्या मागच्या बरगडीवर होती, आणि ती पुढें आणण्याइतका धीर आम्हांस झाला नव्हता, हें आम्हांस त्याच क्षणीं कळलें होतें. तरी आम्ही बोललों तें असें : “अंधारांत काय सांगणार? कोणाचा लागला असेल कोण जाणे.” कोणीं आम्हांस दोष दिला नाहीं. अंधारांत जखमी डुकराच्या मागें कारवींत जाऊं नये, हें तर सर्वांसच मान्य होतें; तें पहाटें शोधावयाचें असतें, आणि ज्याचा बार त्यानें पुढें राहावयाचें असतें. पहाटें कचेरी होती. सोमवारची पहिली एस. टी. गांठून आम्ही तिघेही पुण्यास आलों.

बुधवारीं दुपारीं आबांचे शेजारी बांधावर गवत कापीत होते. डुक्कर त्या गवतांतच पडलें होतें. त्यांचा विळा त्याच्यापासून हातभर अंतरावर असेल. त्यानें एकच मुसंडी दिली. उजवी मांडी गुडघ्यापासून वर फाटली. बायकांनीं लुगड्यानें आवळून बांधली, पुरुषांनीं झोळींतून रस्त्यावर आणलें, आणि एका मालमोटारीनें पुण्याच्या इस्पितळांत पोंचविलें. शीर थोडक्यांत वांचली होती. वाडीच्या लोकांनीं कुत्रीं घालून आणि कुऱ्हाडी घेऊन त्याच दिवशीं डुक्कर मारलें.

आम्हांस हें गुरुवारीं संध्याकाळीं कळलें. आबा आणि तो म्हातारा कातकरी इस्पितळाच्या पायरीवर बसले होते. कातकऱ्यानें धोतराच्या सोग्याची गांठ सोडली आणि आमच्या तळहातावर एक वस्तु ठेवली. तांब्याचें कवच पाकळ्यांसारखें मागें उलटलेलें, आंतलें शिसें अळंब्यासारखें पसरलेलें. छर्ऱ्याचा असा आकार होत नाहीं. “पोटांतनं निघाला,” तो म्हणाला, “ह्यो तुमचा.” त्याच्या आवाजांत राग नव्हता. जसा वाटा ज्याचा त्याला द्यावयाचा, तसा त्यानें तो दिला.

इस्पितळाचा खर्च आम्हीं केला, त्यांत विशेष कांहीं नाहीं. शेजारी दोन महिन्यांनीं घरीं गेले. पाय जन्माचा आंखडला. खरी गोष्ट त्यांच्या तोंडावर सांगण्यास आम्हांस एक वर्ष लागलें. पुढच्या हंगामांत त्यांच्याच माळ्यावर रात्रीं शेजारीं बसलों असतां ती सांगितली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग डब्यावर दोन काठ्या मारल्या, अंधारांत कान देऊन ऐकलें, आणि म्हणाले, “आम्हांला ठावं व्हतं. आबानं सांगूं दिलं न्हाई. म्हणलं, त्यो सांगतो का बघूं.”

त्यानंतरचे दोन हंगाम आम्हीं रायफल हांक्यांत कधीं नेली नाहीं. खाचराच्या वरच्या बांधाशीं, आडोशास, चांदण्या रात्रीं बसत असूं. आणि प्रत्येक बाराच्या दुसऱ्या दिवसाची रजा आधीं काढून ठेवीत असूं. पुष्कळदां बार न टाकतां उठलों. दोन हंगामांत तीन डुकरें मारलीं, तिन्ही जागच्या जागीं. शिकारीच्या गोष्टींत सांगण्यासारखें त्यांत कांहींच नाहीं.

१९७२ सालीं वन्य जीव संरक्षणाचा अधिनियम झाला आणि पुढें हौसेची शिकार संपली. ती संपली याचें आम्हांस दुःख नाहीं. रानडुक्कर त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचींत होतें. २०२२ च्या दुरुस्तीनें, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, तें दुसऱ्या अनुसूचींत आलें आहे. मात्र उभ्या पिकास उपद्रव देणारें डुक्कर अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनें मारण्याची तरतूद अकराव्या कलमांत पूर्वीही होती व आजही आहे. केरळांत २०२२ मध्यें हा अधिकार ग्रामपंचायतींच्या प्रमुखांच्या हातीं दिला गेला. बिहार आणि उत्तराखंड यांनीं त्यापूर्वीं कांहीं काळ डुकरास उपद्रवी प्राणी ठरवून घेतलें होतें. परवानगीनें मारलेलें डुक्कर एकोणचाळिसाव्या कलमानें सरकारच्या मालकीचें होतें, म्हणजे वाट्यांचा तंटा कायद्यानें एका ओळींत मिटविला. बार कोणाचा हा प्रश्न मात्र कायद्याला पडत नाहीं.

तो पडावयास पाहिजे, असें आम्हांस वाटतें. परवानगी मिळाली तरी नेम धरणारा हात वाडींत कोठें आहे? आबांच्या पिढीच्या ठासणीच्या बंदुका गेल्या. रायफल चालविणारा शेतकरी मुळशींत शोधून सांपडावयाचा नाहीं. मग ज्याचें भात जातें तो काय करतो? कोणी कुंपणांत विजेचा जिवंत प्रवाह सोडतो, कोणी कणकेच्या गोळ्यांत स्फोटक दडवून बांधावर ठेवतो. त्या तारेस डुक्कर शिवतें तसें पहाटें पाण्यावर गेलेलें माणूसही शिवतें. त्या गोळ्यानें डुकराचा जबडा जातो तसा गाईचाही जातो, आणि जबडा गेलेलें जनावर उपाशी मरण्यास किती दिवस लागतात हें विचारूं नये. ही अघोरी साधनें बेकायदेशीर आहेत हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांचा खरा दुर्गुण असा कीं त्यांत बार कोणाचाच नसतो. लावणारा घरीं झोंपलेला असतो. जाणत्या हातांतली एक रायफल, लेखी परवानगी, आडवें उभें असलेलें जनावर, आणि दुसऱ्या दिवशीं माग काढावयास हजर असलेला माणूस, यांपेक्षां कमी क्रूर उपाय आम्हांस तरी दिसत नाहीं. आणि डुकराच्या कळवळ्यानें जे या उपायास विरोध करतात त्यांनीं एकदां तो जबडा पाहावा.

गेल्या कार्तिकांत आम्ही पुन्हा त्या वाडींत गेलों होतों. आबा नाहींत, शेजारीही नाहींत. खाचरांच्या खालच्या अंगास आतां पुण्याच्या लोकांचे बंगले उठले आहेत आणि त्यांच्या दिव्यांमुळें डुकरें खालून येत नाहींत, वरूनच येतात. शेजाऱ्यांचा नातू माळ्यावर बसतो. त्याच्याजवळ मोठा प्रकाश टाकणारी विजेरी आहे, आणि कुत्र्यांचें भुंकणें भरून ठेवलेला एक कर्णा आहे. तो म्हणतो, पहिले चार दिवस डुकरें त्याला भ्यालीं. आजोबांचा डबा तेवढा अजून खांबास टांगलेला आहे. “काका, तुमची रायफल हाय का अजून?” त्यानें विचारलें. आम्हीं सांगितलें कीं ती परत करून पुष्कळ वर्षें झालीं. तो म्हणाला, “परवानगीचा अर्ज दिलाय. मिळंल. पर मारायला कोन यायचं?”

रात्रीं दोनच्या सुमारास वरच्या बांधाशीं पाचोळा वाजला. त्यानें कर्णा लावला, आम्हीं डबा बडविला. आवाज दूर गेला. पहाटें थंडीनें आमचा डोळा लागला असावा. उजाडल्यावर पाहिलें तों खाचराच्या कोपऱ्यांत दोन खाटांएवढें भात लोळलें होतें आणि चिखलांत लहानमोठे खूर उमटले होते. नातू खालीं उतरला, आणि नुकसानभरपाईच्या अर्जास जोडण्याकरितां त्यानें चारी बाजूंनीं त्याचे फोटो काढले.